न दिसण्याचा बत्तिसावा प्रयत्न

सव्वीस वर्षं बातमीदारी केल्यानंतर, एका रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी माझ्याच सोसायटीच्या आवारात संशयित इसम म्हणून पकडले गेले. पकडणाऱ्यांमध्ये माझा नवराही होता. (त्याच्या हातात जळमटं काढायचा झाडू होता. ही नोंद केवळ अचूकतेसाठी.)

घटनाक्रम शनिवार सकाळपासून सांगावा लागेल.

आमची मुलगी मुक्ता ठाण्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात तन्मय नावाच्या मित्राबरोबर व्हिडिओ गेम बनवते. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडून दोन वर्षं एकाच गेमवर घातली होती. जुन्या काळचं कल्याण बंदर, रात्रीची वेळ, मिठाचं गोदाम. एका मुलीच्या बापाची होडी जप्त झाली आहे आणि होडीची सनद गोदामातल्या पेटीत आहे. सोळा पहारेकरी. त्यांच्या नजरेस न पडता सनद आणायची. या लपतछपत खेळण्याला स्टेल्थ म्हणतात, हे मला त्या सकाळी कळलं. पहारेकरी कुठे बघेल, किती लांबचं ऐकेल, किती वेळाने विसरेल, हे सगळं मुक्ताने एकटीने रचलेलं होतं.

आता तन्मयचं म्हणणं पडलं की लोकांना लपायला वेळ नाही. दिसला पहारेकरी की हाणायचा, लोकांना तेच आवडतं. लपणं काढून टाकू, तलवार देऊ. सोमवारी बंगळूरहून पैसे गुंतवणारे लोक गेम बघायला यायचे होते. शेवटी दोघांत ठरलं: आयुष्यात गेम न खेळलेल्या माणसांना खेळायला बसवायचं. रविवारी रात्री नऊपर्यंत किमान दोघांनी लपून सनद आणली, तर लपणं राहील. नाहीतर तलवार.

"म्हणजे तुझं दोन वर्षांचं काम आपल्या घरावर अवलंबून आहे?" मी विचारलं.

"हो," मुक्ता म्हणाली. "म्हणून मी रात्री झोपले नाहीये."

पहिला नंबर विलासचा. विलास, म्हणजे माझा नवरा, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने लपण्याचं बटण एकदाही दाबलं नाही. बंदरावरचं वल्हं उचललं आणि तो सरळ दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याच्या अंगावर गेला.

"बाबा, लपा! तिकडे पोत्यांच्या मागे!"

"मी कशाला लपू? सनद आपली आहे ना? मग समोरून मागायची!"

अठ्ठेचाळीस सेकंदांत तो मेला. पुन्हा खेळला, पुन्हा वल्हं, पुन्हा मेला. सहाव्या वेळी त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि निकाल दिला, "गेम चुकीचा आहे. तलवार पाहिजे."

मुक्ताने वहीत फुली मारली.

दुसरा नंबर सासूबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या घरात पंखा चालू ठेवून कोणी पाणी प्यायला उठलं, तर परत येईपर्यंत पंखा बंद झालेला असतो, ते त्यांच्यामुळे. त्यांनी चष्मा पुसला आणि पडदाभर नजर फिरवली.

"हे एवढे कंदील का लावलेत?"

"गोदाम आहे ना आजी, रात्र आहे."

"विझवायचं बटण कुठलं?"

मुक्ताने दाखवलं. त्यानंतरच्या बावीस मिनिटांत सासूबाईंनी कल्याण बंदर अंधारात घातलं. एकेक कंदील, एकेक समई, शेवटी पहारेकऱ्यांची शेकोटीसुद्धा! जाताजाता उघडी दारं लावून घेतली. सोळा पहारेकरी अंधारात चाचपडत होते आणि सासूबाई मधून चालत जाऊन सनद घेऊन आल्या.

"आजी, तू काय भारी लपलीस!"

"लपले कुठे? मी दिवे घालवत होते. एवढं तेल जळतंय आणि आत घरचं माणूस एक नाही."

"सोळा माणसं आहेत ना पण!"

"ती कामावरची."

एक मत झालं. दुसरं माझ्याकडून यायचं होतं, आणि ते येणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी मोर्चे, पूर, निवडणुका बघितल्या आहेत. सोळा पहारेकरी म्हणजे काय! मी वही घेतली, 'प्रयत्न', 'वेळ' आणि 'पकडले जाण्याचे कारण' असे तीन रकाने आखले, आणि बसले.

शनिवारी रात्रीपर्यंत एकोणीस प्रयत्न झाले. एकोणीसही वेळा पकडले गेले. तिसऱ्या रकान्यात एकोणीस वेळा एकच शब्द होता: वाचन.

झालं असं, की गोदाम खरं वाटावं म्हणून मुक्ताने टेबलांवर कागद ठेवले होते. जुन्या वळणाची पत्रं, हुकूम, पावत्या. कोणी वाचायचे नव्हतेच ते, सजावट होती. पण समोर कागद आहे आणि तो न वाचता पुढे जायचं, हे मला या वयात शिकवणं अवघड होतं.

"आई, मागे गार्ड आहे! पळ!"

"थांब. या पत्रात होडीचा मालक राघो आहे आणि मघाच्या हुकुमात राघोबा. नक्की कोण?"

"आई, तो तुला मारतोय!"

"मारू दे. पण नाव एकच ठेव."

रविवारी दुपारी पाचपर्यंत एकतीस प्रयत्न झाले. मुक्ता चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी चूक नाहीये गं. तू आयुष्यात कधी कोणापासून लपलीच नाहीस. कायम पुढे उभी, गळ्यात कार्ड घालून. आपण दिसलो तर काय होईल, ही भीतीच तुला माहीत नाही. जाऊ दे. तलवार तर तलवार."

ते 'जाऊ दे' मला झेपलं नाही. मी ठरवलं: भीती माहीत नसेल तर माहीत करून घ्यायची. अजून चार तास होते. बत्तिसावा प्रयत्न प्रत्यक्षात करायचा.

आमची इमारत मानपाडा रस्त्याला ज्या जमिनीवर उभी आहे, ती पूर्वी भोईरनानांची भातशेती होती. आता नानांचे तिसऱ्या विंगेत फ्लॅट आहेत आणि फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे. नाना त्या खुर्चीत सकाळ-संध्याकाळ बसतात. पगारी वॉचमन आहे, पण तोही जायचं-यायचं नानांना सांगून करतो. नानांनी न विचारता कोणी आत-बाहेर गेल्याची नोंद नाही. जेवलीस का, कुठं चाललीस, पिशवीत काय हाय, आणि मग जा.

नियम मी स्वतःच घातले. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरायचं, फाटकाला हात लावायचा, नानांना न दिसता परत यायचं. घरात कोणाला सांगायचं नाही. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी निघाले.

पार्किंगपर्यंत उत्तम झालं. दोन स्कूटरींच्या मागे वाकून बसले. छाती खरोखर धडधडत होती! फाटक वीस पावलांवर होतं आणि नाना मध्ये होते. आता गेममधला नियम: खडा दुसरीकडे फेकला की पहारेकरी उठतो, तिकडे जातो, 'मांजर असेल' म्हणतो आणि परत येतो. मी तुळशीच्या कुंडीतला खडा घेतला आणि सायकल स्टँडच्या पत्र्यावर टाकला.

नाना उठले नाहीत. मान न वळवता म्हणाले, "कोन हाय गो?"

(आवाज पत्र्याचा आला होता. 'गो' कोणाला म्हणाले, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.)

मी शेजारच्या फ्लेक्सच्या मागे शिरले. परिसरातल्या कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा तो फ्लेक्स होता, लाकडी चौकटीवर ताणलेला, भिंतीला टेकवून ठेवलेला. मागे एक माणूस उभं राहील एवढी जागा. मी श्वास रोखला. फ्लेक्स जमिनीपासून वीतभर वर संपतो, ही माहिती मला नंतर मिळाली.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. सोसायटीचा ग्रुप. नाना टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. नानांचा निरोप होता, आठ सेकंदांचा. आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोन खिशात ठेवला असता. पण फाटकावर काहीतरी घडलं आहे आणि मला ते माहीत नाही, या अवस्थेत मी सव्वीस वर्षांत कधी पाच मिनिटंही काढलेली नाहीत. मी आवाज कमी करण्याचं बटण दाबलं आणि निरोप सुरू केला.

बटण आवाज वाढवण्याचं होतं.

"फ्लेक्सच्या मांगं कोन तरी हाय!" फ्लेक्सच्या मागून नानांचाच आवाज गरजला. "सगल्यांनी खाली या!"

सगळे खाली आले. तीन विंगा. सर्वांत पुढे विलास, झाडू उगारून.

"बाहेर ये! मर्द असशील तर समोर ये!"

दोन्ही अटी पूर्ण करणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

"पोलिसांना फोन लावा," कोणीतरी म्हणालं.

"आधी मी बघतो याला!" विलास म्हणाला. घरी गेममध्ये सहा वेळा मेलेला माणूस. काही फरक पडला नव्हता.

खरं तर मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. पण बत्तिसावा प्रयत्न अजून संपलेला नव्हता. कोणी मला 'पाहिलं' नव्हतं! नियम म्हणजे नियम. मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि वाट बघितली. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं.

आणि अंधार झाला.

पार्किंगचे, जिन्याचे, फाटकाचे, सगळे दिवे एकदम गेले. गर्दी किंचाळली. त्या गोंधळात जिन्याच्या पायथ्याकडून सासूबाईंचा शांत आवाज आला, "घाबरू नका, मी मेन स्विच बंद केला. सगळे इथेच उभे आहात ना? मग तीन विंगांचे दिवे कोणासाठी जळतायत?"

सोळा पहारेकऱ्यांच्या मधून त्या कशा गेल्या असतील, ते मला त्या क्षणी समजलं. मी फ्लेक्समागून निघाले. फाटकाला हात लावला. (लावला! साक्षीदार नाही, पण लावला.) विलासच्या झाडूखालून वाकून गेले. पार्किंग पार केलं. जिना चार पावलांवर आला. जिना चढले की जिंकले.

जिन्याजवळ सूचनाफलक आहे. त्यावर नवीन कागद होता.

मी एवढंच सांगते की मी फोनची बॅटरी लावली. टाकी धुण्याची सूचना होती. तारीख चौदा लिहिली होती आणि वार मंगळवार. चौदा तारखेला बुधवार होता. पाणी नक्की कधी जाणार? सत्तर कुटुंबं कोणत्या दिवशी भरून ठेवणार? मी पर्समधून पेन काढलं.

"झाला वाचून?" मागून नाना म्हणाले.

दिवे लागले. सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती. विलासने झाडू हळूच पाठीमागे नेला.

"तू?" तो म्हणाला.

"वार चुकलाय," मी म्हणाले. त्या परिस्थितीत मला एवढंच सुचलं.

नाना हसत हसत जिन्याच्या पायरीवर बसले. "मना पयल्यापासून माहीत होता. फ्लेक्सच्या खाली निली चप्पल, पट्ट्याला शेफ्टी पिन. मी म्हटला, पत्रकार बाई हाय, मोठी बातमी असल, म्हनून सगल्यांना बोलावला. पन हे करतेस कनाला गो?"

मी सगळं सांगितलं. मुक्ता एव्हाना खाली आली होती. तिचं तोंड हसू आणि रडू यांच्या मध्ये कुठेतरी अडकलं होतं. साडेसात वाजले होते. नानांनी तिच्याकडे बघितलं.

"चल पोरी, मना दाखव तुझा पहारा."

नाना आमच्या सोफ्यावर चहाचा कप घेऊन बसले. पाच मिनिटं त्यांनी बटणाला हात लावला नाही. नुसते पहारेकरी बघत राहिले. मग बंदराच्या पायऱ्यांवरचा पाण्याचा हंडा त्यांनी उचलून खांद्यावर घेतला आणि पुढच्या दाराने, सगळ्यांच्या समोरून, सावकाश चालत आत गेले. एकाही पहारेकऱ्याने मान वळवली नाही!

मुक्ता उभीच राहिली. "नाना! हे तुम्हाला कोणी सांगितलं? हे मी लपवून ठेवलेलं. तन्मयलासुद्धा सापडलं नाही!"

"पानी भरनाऱ्या बाईला कोन अरवतो? खुर्चीवर बसलेला मानूस काय बघतो न काय नाय बघत, मना नको सांगू. आठ वर्सं बसतंय." आणि माझ्याकडे वळून, "तू पन हंडा घेऊन आली असतीस तर मी 'जेवलीस का' बोललो असतो आनि सोरून दिला असता."

आठ वाजून पाच मिनिटांनी सनद हातात आली. दुसरं मत. मुक्ताने नानांना मिठी मारली, मग आजीला, मग बाबांना, आणि शेवटी मला, जिचं मत शून्य होतं. लपणं राहिलं. सोमवारी बंगळूरच्या लोकांना सर्वांत जास्त आवडला तो हंडा, आणि त्याखालोखाल शेकोटी विझवणारी एक अनामिक आजी.

गेल्या महिन्यात मुक्ताने नवीन आवृत्ती घरी आणली. आता पेटीच्या अलीकडच्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. त्याच्यासमोर थांबलं, की बारा सेकंदांनी मागून पहारेकरी येतो. मुक्ता म्हणते, बहुतेक खेळाडू त्या कागदाकडे बघतही नाहीत. नाना हंडा घेऊन त्याच्यापुढून निघून जातात. सासूबाई त्याच्यावरचा कंदील विझवतात. विलास तिथपर्यंत जिवंत पोहोचत नाही.

मी त्या कागदासमोर आतापर्यंत नऊ वेळा पकडले गेले आहे. त्यावरची तारीख आणि वार जुळत नाहीत. मुक्ताला मी तसं दोनदा लेखी कळवलं आहे.