अकरा घरांची झाकणआक्का

आक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी चुलीपाशी जायची आणि भांड्यावरचं झाकण उचलून आत बघायची. विचारणं नाही, पुसणं नाही. घरात पाहुणे असोत, बाळंतीण असो, नाहीतर सासू-सुनेचं भांडण रंगलेलं असो, ती आधी झाकण उचलणार, आत डोकावणार, झाकण ठेवणार आणि मगच बसणार. पाठीमागे सगळे तिला झाकणआक्का म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या पारूबाईची होती.

आमचं गाव वेल्ह्याकडच्या डोंगरातलं. मी लग्न होऊन गेले आणि दुसऱ्याच वर्षी ते धरणात गेलं. ती साठच्या पुढची सालं. आम्हां अकरा घरांना किकवीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, माळाच्या कडेला जागा मिळाली. अकरांतली आठ घरं आम्हां मराठ्यांची, तीन बौद्धांची. जवळच्या गावातले आम्हांला 'धरणातली' म्हणत. इतकं म्हणत, की माझ्या थोरलीला शाळेत आडनाव विचारलं तर तिने धरणातली सांगितलं.

जमिनीचे कागद हातात येईपर्यंत दीड वर्ष गेलं. तोवर लोकांनी भाताचं बी कांडून खाल्लं. जमीन मिळाली आणि पेरायला मूठभर भात कुणाकडे नाही. गावातले म्हणाले, बी देतो, पण आधी आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, करून द्या, मग तुमची. उशिरा लावलेल्या भाताला पळंज धरते, दाणा पोकळ राहतो, हे आम्हांला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या पावसाळ्यात पीक निघालं नाही, तर पुण्याला हमालीला जाण्यावाचून दुसरी वाट नव्हती. दोन घरांनी तर भांडी बांधायला घेतली होती.

तेव्हा आक्का दारोदार हिंडली. ती आमच्या आठ घरांतलीच, विधवा, मागे-पुढे कुणी नाही. आमच्या घरी आली, तवलीवरचं झाकण उचललं, आत वरईची पेज होती ती पाहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या रांजणाकडे गेली. पाणी सगळं दारातल्या हंड्यांत होतं, हे तिने येतानाच हेरलं असणार.

"रिकामा हाय त्यो," सासू म्हणाली.

आक्काने झाकण उचललं. "वैनी, पानी लई पिवळं झालंय गं तुमचं."

आत गळ्यापर्यंत भात होता. आमच्या जुन्या गावाचा आंबेमोहोर, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला. गाव सोडताना सासू ट्रकमध्ये एका बोचक्यावर बसून आली होती. आम्हांला वाटलं होतं आत देव आहेत. मला घरात राहून ठाऊक नव्हतं.

"माझं हाय," सासू म्हणाली. "म्या उपाशी राहून राखलंय."

"व्हय, तुजंच हाय. तू राखलंस म्हनून हाय," आक्का म्हणाली. "पन पेरतीस कुठं? तुज्या रानात पानी हाय का?"

ते खरं होतं. मृगाला शिंतोडे आले आणि पाऊस गेला होता. रोपं करायच्या जागेला आम्ही दाढ म्हणतो. दाढेला ओल लागते आणि अकरा घरांत ओल एकाच रानात होती, ओढ्याकाठच्या पारूबाईच्या. जमीन वाटताना ती पाणथळ पट्टी आम्ही आठही घरांनी नाकारली आणि तिच्या गळ्यात मारली. पारूबाई बौद्ध, तिच्या घरात खाणारी सात माणसं. आता सगळे तिच्या बांधावर उभे.

"बी वैनीचं, पानी तुजं," आक्का तिला म्हणाली. "दाढ एकच करू. रोप सगळ्यांनी वाटून घिऊ."

"वाटनार कसं?" पारूबाईने विचारलं. "जमीन बघून, का जात बघून?"

"तोंडं बघून. घरात जितकी तोंडं, तितका वाटा."

सासू तडकली. "म्हंजे बी माझं आन् हिला सात वाटं, मला पाच?"

"मला तर एकच," आक्का म्हणाली. "तोंड एक हाय, पन चालतंय सात जनांचं, त्याचं कुनी धरत न्हाई."

लोक हसले. सासू हसली नाही, पण रांजण बाहेर आला. तिला दुसरा इलाज नव्हता. सुगीनंतर प्रत्येक घराने तिचं बी परत द्यायचं ठरलं आणि ते दिलंही.

रोप वीतभर झालं. तोवर पाऊसही पुन्हा धरला. उपटायचा दिवस आला. आमच्याकडे सावडीची रीत आहे, ज्याच्या रानात सगळ्यांनी राबायचं, त्याच्या घरची भाकरी खायची. जुन्या गावात आमची सावड वेगळी आणि बौद्धांची वेगळी होती, म्हणून हा प्रश्न कधी आला नव्हता. त्या दुपारी आला. पारूबाईने बांधावर पाटी उतरवली. नाचणीच्या भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. कुणी जागचं हललं नाही.

"जेवायचं नसंल तर आत्ताच सांगा," पारूबाई म्हणाली. "रोपाला हात चालत्यात आन् भाकरीला चालत न्हाईत, असलं माज्या रानात जमायचं न्हाई. मग आपापली दाढ आपापल्या माळावर करा."

आक्का चिखलाच्या पायांनी बांधावर चढली. पिठल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं.

"मीठ घातलंस का?"

"चाखून बघा की, झाकणआक्का."

आक्काने भाकरी मोडली, घास घेतला, नीट चावला. "कमी हाय."

"मग तुमच्या घरनं आना!"

"आनते. उद्या माज्या रानात ये, मीठच खायला घालते तुला."

आक्का मांडी घालून बसली. मग एकेक करून बायका बसल्या. मीही बसले. मला भूक लागली होती, त्यापलीकडे मी काही मोठा विचार केला असं सांगणार नाही. सासू मात्र पाठ फिरवून बसली, दिवसभर उपाशी राबली. पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला ते आठ दिवस बरे गेले. ती मरेपर्यंत पारूबाईच्या घरचं पाणी प्यायली नाही. पण दर सालाला बी निवडायला तीच बसायची आणि पारूबाईच्या वाट्याचं बीही तितकंच निवडून द्यायची.

आक्का गोड नव्हती. पहिल्या वर्षी ती एका घरातून बाहेर पडली आणि रस्त्यातच ओरडली, "अगं, हिच्या चुलीवर आज काय न्हाई गं!" ती बाई लाजेने दोन दिवस बाहेर आली नाही. पारूबाईने आक्काला ओढ्यावर गाठलं. "भूक बघायची तर बघा, दवंडी कशाला पिटता?" त्यानंतर ती झाकण उचलायची, ठेवायची आणि निघून जायची. तासाभरात कुणाच्या तरी घरून त्या दारात काहीतरी पोचायचं.

बहात्तरच्या दुष्काळात हमरस्त्याकडेला खडी फोडायला पूर्वेकडचे लोक येऊन उतरले. गावातले त्यांना विहिरीवर येऊ देईनात. आक्का त्यांच्या पालांत शिरली, तिथलीही झाकणं उचलली. परत येऊन म्हणाली, "आपन आलो तवा आपल्याला कुनी इचारलं न्हवतं. म्हनून आपन इचारायचं न्हाई, असं कुठं लिवलंय?" त्या उन्हाळ्यात अकरा घरांतून रोज पालांवर कण्या गेल्या. आमच्याकडेही फार नव्हतं. तरी गेल्या.

अकरांतलं एकही घर हमालीला गेलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

आक्का दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी गेली, ऐन आवणीत. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोप उपटून ठेवलं होतं, सकाळी ती उठली नाही. मूल नव्हतं, पुतण्या नव्हता, म्हणून पारूबाईच्या थोरल्याने आणि माझ्या नवऱ्याने मिळून अग्नी दिला. जवळच्या गावातले दोघे-तिघे आले होते. परत येताना त्यांनी आम्हां बायांना शेतात वाकलेलं पाहिलं.

"माती होऊन दोन तास न्हाई झालं," त्यांतला एक म्हणाला. "ह्या धरणातल्या बायांना काळीज हाय का न्हाई?"

कुणी मान वर केली नाही. उपटलेलं रोप आणखी एक रात्र थांबत नाही, पिवळं पडतं. अंधार पडायच्या आत आम्ही अकराही घरांचं लावून संपवलं. आधी आक्काचं लावलं.