साक्ष की उपदेश: मुरगूडच्या पुढच्या गावातला कापणीचा सण

शनिवार, १५ नोव्हेंबर. पहाटे उठलो. स्वारगेटहून कोल्हापूरची एसटी घेतली. साताऱ्यापर्यंत झोप लागली. कराडच्या आसपास रस्त्याचं काम चालू असल्यामुळे गाडी रखडली. दुपारी कोल्हापूर. मिसळ खाल्ली. संध्याकाळी मुरगूडच्या पुढच्या गावी पोचलो. शांताच्या माहेरी जेवलो आणि झोपलो.

एवढं लिहून मी थांबणार होतो. जुन्या वाचकांना माहीत आहे की या ब्लॉगवरचं लेखन माझं नसायचं. शांता, माझी बायको, बोलायची. मी टाइप करायचो आणि फोटो टाकायचो. ती मार्चमध्ये गेली. त्यानंतर इथे काही आलं नाही. ज्यांनी विचारपूस केली त्यांचे आभार. आता टाइप करणाराच बोलतोय, म्हणून चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जायचं ठरलं ते सुवार्ताच्या फोनमुळे. सुवार्ता शांताच्या भावाची मुलगी. तो भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. गावात वहिनी आणि सुवार्ता दोघीच असतात. आत्याच्या नवऱ्याला त्यांच्याकडे मामाच म्हणतात. "मामा, सणाला या," ती म्हणाली. "या वर्षी उपदेश माझा आहे. म्हणजे, बहुतेक."

बहुतेक का, ते तिने फोनवर सांगितलं नाही.

कापणीचा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गावाकडच्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, पीक हाताशी आलं की पहिला वाटा चर्चमध्ये आणतात. ऊस, भात, भोपळे, अंडी, एखादी जिवंत कोंबडी. भक्ती झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि मग सगळे एकत्र जेवतात. आम्ही दरवर्षी जायचो आणि शांता दरवर्षी तिथे साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. ती कुणीही देऊ शकतं. उपदेश वेगळा. तो एक पायरी वर, लाकडी पुलपिटाच्या मागे उभं राहून होतो आणि त्या गावात तो आजवर पुरुषानेच केलेला आहे.

प्रवासाचं थोडं. पासष्ट ओलांडलेल्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. कोल्हापूरला पोचलो तेव्हा भूक लागली होती. बसस्थानकाजवळच्या नेहमीच्या दुकानात मिसळ मागवली. वाढणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"पावणं पुण्याचं का?"

"हो."

"मग कट बेतानं देतो."

शांता असती तर म्हणाली असती, त्यांना बेताने द्या आणि मला भरून द्या. मी म्हटलं, भरूनच द्या. डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा खूश झाला.

मुरगूडची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून शिवाजी पेठेत जाऊन आलो. लग्नाआधी शांता नर्सिंग शिकायला तिथे एका खोलीत राहायची. ती खोली आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. तालमीच्या कट्ट्यावर दोन म्हातारे फुटबॉलवरून भांडत होते. एक म्हणत होता, "तुमचा गोलकी म्हंजी नुसता खांब हाय." दुसरा म्हणाला, "खांब तर खांब, तुमच्यापेक्षा लई गोल अडवलं की." मला बरं वाटलं. तिच्या बोलण्यातला जोर कुठून आला ते तिथे दर वेळी कळतं.

कागलहून निढोरीमार्गे मुरगूडला जाताना या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकायची तयारी ठेवा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की हॉर्न ऐकू जात नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी उजेडात पोचावं. गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. खिडकी उघडी ठेवली तर वास गाडीत येतो.

वहिनीने तांबडा रस्सा केला होता. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो असताना दावीद आण्णा आले. आण्णा हे गावच्या मंडळीच्या पंचांचे प्रमुख. ऊस आणि चार म्हशी आहेत, आवाज दणदणीत.

"सलाम, पावणं. कवा आलासा?"

"संध्याकाळच्या गाडीने."

"उठू नगासा, बसा की." ते बसले. मग म्हणाले, "यंदा आक्का न्हाय. घर कसं गप्प गप्प वाटतंय."

आतून वहिनी ओरडली, "मग मी काय गप्प हाय व्हय?"

"तुझं न्हाय गं, तू तर चालूच असतीस."

मग सगळा उलगडा झाला. पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, चार गावं आहेत. सणाच्या रविवारी ते दुसऱ्या गावात असणार होते, म्हणून त्यांनी सुवार्ताला उपदेश करायला सांगितलं होतं. ती धर्मशास्त्र शिकून आली आहे, पदवी घेतली आहे. पंचांना ते मान्य नव्हतं. यात अजून एक गोष्ट होती. पाळक पुढच्या वर्षी निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी कुणाचं नाव सुचवायचं हे पंच ठरवणार. सुवार्ताला तीच जागा हवी आहे, याच गावात. उद्या ती पुलपिटावर उभी राहिली तर तिचं नाव पुढे जाऊ शकतं. नाही तर नाशिककडे एका दवाखान्यात रुग्णांसाठी प्रार्थना करण्याचं काम तिला मिळतंय, तिकडे जाणार. वहिनी मग एकटी.

"मी काय बायकांचा वैरी हाय व्हय?" आण्णा म्हणाले. "पर बायकांनी मंडळीत गप्प ऱ्हावं, असं पौल बायबलात सांगून गेलाय. ते मी कसं खोडू? मी कोण?"

सुवार्ता चहा घेऊन आली. "आण्णा, येशूची कबर रिकामी आहे ही बातमी पहिल्यांदा कुणी आणली?"

"बायांनी."

"मग?"

"बातमी आणली गं त्यांनी. उपदेश त्याच्या शिष्यानं, पेत्रानं केला."

वहिनी आत हसली. सुवार्तालाही हसू आवरलं नाही. आण्णांनी बशीत चहा ओतला आणि जरा मवाळ होऊन म्हणाले, "तुला बोलू नको कोण म्हणतंय? बोल की. तासभर बोल. फक्त त्याला साक्ष म्हण आन् पायरीखाली उभी ऱ्हा. आक्का ऱ्हात नव्हती व्हय?"

"आत्या राहिली," सुवार्ता म्हणाली, "म्हणूनच तुम्ही मलाही तिथेच उभं करताय."

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं आणि कप घेऊन आत गेली. जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली.

निघताना आण्णा मला म्हणाले, "पावणं, तुमचा शब्द ती मोडायची न्हाय. जरा सांगा तिला."

"बघतो," मी म्हटलं. मी बघतो म्हणालो की त्याचा अर्थ नाही असा असतो, हे शांताला माहीत होतं. आण्णांना माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी सुवार्ता साडीला इस्त्री करत होती. काय ठरलं, असं मी विचारलं.

"खालून बोलणार नाही, मामा. वर जाऊ दिलं नाही तर आईशेजारी बसून राहीन."

"आन् लोक काय म्हणतील?" वहिनी चुलीजवळून म्हणाली.

"म्हणतील, यंदा उपदेश झाला नाही."

चर्च लहान आहे, कौलारू. दाराला उसाची कमान बांधली होती. आत बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, सतरंजीवर. मागे आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन बाकं. पुलपिटाच्या पायरीसमोर भोपळे, भात आणि केळीचा घड रचला होता. पायरीच्या अगदी पुढ्यात आण्णांची लोखंडी खुर्ची. ती नेहमी तिथेच असते, वर जायचं तर ती सरकवावी लागते. डावीकडे वाजवायची पेटी, आणि पेटीशेजारची फरशी ही शांताची जागा.

गायनं झाली, वाचन झालं. मग आण्णा उभे राहिले आणि मला आधी काहीही न सांगता म्हणाले, "आता आपल्या शांताक्काच्या नावानं पावणं दोन शब्द बोलतील."

मी आयुष्यात चार माणसांसमोर उभं राहून बोललो नव्हतो. उठलो, पुढे गेलो आणि पेटीशेजारी थांबलो. आण्णांनी लगेच खुर्ची उचलून बाजूला केली आणि पुलपिटाकडे हात दाखवला.

"वर जावा की."

"इथेच बरं आहे."

"पुरुषमाणूस खाली कशाला? जावा वर!"

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. पेटीवाल्याने मान खाली घातली. मी जे बोललो ते आठवेल तसं लिहितो.

मी म्हणालो, "मला बोलता येत नाही. मी टेलिफोन खात्यात होतो, दुसऱ्यांचं बोलणं पोचतं करायचं माझं काम होतं. धर्मशास्त्र मी शिकलेलो नाही. तरी आण्णा मला वर जा म्हणाले. शांता या फरशीवरून तीस वर्षं बोलली. तिला वर जा असं कुणी म्हणालं नाही. तीही कधी मागे लागली नाही. ती बोलायची त्याला आपण साक्ष म्हणायचो. साक्ष म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं सांगायचं. तर मी आज माझी साक्ष देतो. मी दरवर्षी त्या मागच्या बाकावर बसून जे ऐकलं, तो उपदेश होता."

मग मी जागेवर येऊन बसलो.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "व्हय. खरं हाय त्ये." पुरुषांतून दोघे पंच उठले आणि बाहेर गेले. आण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा घातला. "आता साक्ष..." असं सवयीने म्हणाले आणि थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "साक्ष झाली. आता उपदेश."

नाव त्यांनी घेतलं नाही. पण खुर्ची मघाशी माझ्यासाठी बाजूला केली होती, ती त्यांनी परत पायरीपुढे ओढली नाही. होती तिथेच, भिंतीकडे, जाऊन बसले.

सुवार्ता उठली तेव्हा वहिनीने तिचा पदर धरला आणि मग सोडला. ती पायरी चढली. माइक शिट्टी मारायला लागला, तो पेटीवाल्याने नीट केला. बायबलमधली रूथ परक्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा, म्हणजे गळून राहिलेली कणसं, वेचते, त्यावर ती बोलली. पहिली काही वाक्यं थेट शांताची वाटली, तोच झटका, तेच मध्येच थांबून लोकांकडे पाहणं. नंतर ती तिची स्वतःची झाली. शांता लोकांना हसवायची. ही हसवत नाही. ही प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. माझं लक्ष खिडकीकडे गेलं. बाहेर गेलेले दोघे पंच चिंचेखाली उभे होते, घरी गेले नव्हते.

लिलावाला ते दोघेही आले. लिलाव आण्णांचाच. शांता दरवर्षी एक लाल भोपळा घ्यायची, घारग्यांसाठी. आण्णांनी तो डोक्यावर धरला. "हा आक्काचा भोपळा! पावण्यांशिवाय कुणी बोली लावली तर बगा!"

लगेच वहिनीने बोली लावली. मग पेटीवाल्याने. मग बाहेर गेलेल्या पंचांपैकी एकाने. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. बाजारभावाच्या कितीतरी पटीने तो भोपळा मला पडला. सणाला जाणार असाल तर सुटे पैसे न्या आणि आपल्याला काय आवडतं ते चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

जेवताना आण्णा शेजारी येऊन बसले. "पावणं, तुम्ही मला गुंतवलासा."

"मी फक्त साक्ष दिली."

ते इतक्या मोठ्याने हसले की पत्रावळीवरचा भात उडाला. मग हळू आवाजात म्हणाले, "एक दिवस झाला म्हणून नाव जाईल असं न्हाय. नाताळानंतर पंच बसतील. ते दोघं आडवं जातील. पौलाचं काय करायचं ते मलाबी अजून उमगल्यालं न्हाय." पाणी प्यायले. "पर माझं एक मत तिला धरा."

सोमवारी सकाळच्या गाडीने निघालो. सुवार्ता मुरगूडपर्यंत सोडायला आली. स्टँडवर तिने विचारलं, "मामा, आत्याला कधी वर जावंसं वाटलं नसेल का हो?"

मी सांगितलं की मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मला बोलायचंय. पाटी काय लावायची ती त्यांनी लावावी."

मी गाडीत बसल्यावर सुवार्ताने भोपळा माझ्या मांडीवर ठेवला, खाली उतरली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.

पुण्यात येऊन आज तीन दिवस झाले. मी केलं ते शांताला आवडलं असतं का, मला सांगता येत नाही. तिला पाटीची गरज नव्हती आणि ती गेल्यावर मी ती लावली. पण सुवार्ताला गरज आहे. बहुधा दोघींचंही बरोबर आहे. नाताळानंतर काय होईल माहीत नाही. वहिनीचा फोन आला होता. बाजारात बायका सुवार्ताला थांबवून रूथबद्दल विचारतात म्हणे, आणि वहिनी आता "माझी पोरगी" असं सांगत फिरते.

संध्याकाळी भोपळा चिरला. साल फार टणक होती, विळीवर जमेना, शेवटी सुरी घेतली. अर्धा किसला. गूळ किती घालायचा ते माहीत नव्हतं, अंदाजाने घातला. बिया धुऊन वर्तमानपत्रावर पसरल्या आणि गॅलरीत वाळत ठेवल्या.