साल्किन अपांच्या न्हाणीघराची भिंत

बिश्केकच्या आठव्या वसाहतीत सागिनबेक टाइल्सवाल्याला सगळे ‘कोरडा सागिनबेक’ म्हणत. हे नाव पिण्यावरून पडलेलं नव्हतं, त्या बाबतीत तो चारचौघांसारखाच होता. सव्वीस वर्षांत त्याने बांधलेल्या एकाही न्हाणीघरातून खालच्या बिऱ्हाडात थेंब गेला नव्हता, म्हणून ते नाव. गिऱ्हाईक टाइलचा रंग दाखवायला लागलं की हा हात वर करायचा. “रंग तुम्ही बघा. टाइल म्हणजे भिंतीचा सदरा. अंगाला पाणी लागू देत नाही ते आतलं बनियन, आणि ते मी घालतो.” मग प्रायमर, कोपऱ्यांच्या पट्ट्या, नळाच्या तोंडाशी बसवायच्या रबरी चकत्या, रबरी लेपाचा पहिला हात उभा, दुसरा आडवा, दोन्हींच्या मध्ये पूर्ण एक दिवस. बोलताना त्याचा चेहरा असा व्हायचा की गिऱ्हाईक नकळत डोक्यावरची टोपी सारखी करायचं.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात छत गळत होतं.

तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि बरोबर वर, चौथ्यावर, साल्किन अपा. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका. निम्म्या इमारतीला त्यांनी नद्या पाठ करायला लावल्या होत्या, सागिनबेकला तर दोनदा, कारण तो सातवीत दोनदा बसला होता. अपांच्या न्हाणीघराच्या टाइल्स इमारतीइतक्याच जुन्या. अपा शॉवरखाली उभ्या राहिल्या की सागिनबेकच्या न्हाणीत टपटप सुरू. त्याची बायको बुरूल आंघोळीला छत्री घेऊन जाते, अशी कुणीतरी आवई उठवली होती. आवई नव्हती.

“अहो, लोक काय म्हणतात माहितीये?” बुरूल म्हणायची. “दुनियेला कोरडं ठेवतो आणि बायकोला भिजवतो. तीनदा रंग दिला छताला. चौथ्यांदा गळलं ना, तर मी ताश-कुमीरला बहिणीकडे जाते. तिच्याकडे न्हाणीघर अंगणात आहे, वर फक्त आभाळ आहे.”

शेवटी सागिनबेकने अपांची मनधरणी केली. मजुरी नको, सामान माझं, फक्त आठ दिवस शॉवर बंद ठेवा. अपांनी चष्म्यावरून पाहिलं. “आठ? भिंत आहे की पामीर?” पण कबूल झाल्या.

त्याने जुन्या टाइल्स काढल्या, पोपडे खरवडले, नवा गिलावा केला, तो वाळू दिला. गुरुवारी सकाळी कोपऱ्यांना पट्ट्या लावून गुलाबी लेपाचा पहिला हात मारला. भिंत नुकत्याच जन्मलेल्या कोकरासारखी दिसायला लागली. नळाच्या दोन तोंडांशी बसवायच्या चकत्या तेवढ्या बाजारात संपल्या होत्या, उद्या येणार होत्या. उद्या चकत्या, उद्याच दुसरा हात, परवा टाइल. त्याने ब्रश हातात धरून भिंतीकडे बापाच्या नजरेने पाहिलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि अपांचे व्याही आले.

म्हणजे होणारे. अपांची नात मीरगुल हिच्या कानांत साखरपुड्याचे डूल घालायला नारिनहून मुलाकडचे यायचे होते, पण ते पुढच्या आठवड्यात. “शनिवारीच येतायत सगळे, नऊ जण!” दारातच मुलाचे आजोबा आइत्मामबेत यांनी जाहीर केलं. वय एक्याऐंशी, डोक्यावर पांढरा उंच कल्पाक, बरोबर अर्धी मेंढी. “मी म्हटलं, पुढे जाऊन रस्ता कसा आहे बघतो.” रस्ता चांगला होता. आजोबाही चांगले होते. अपांचा चेहरा मात्र त्या गुलाबी भिंतीपेक्षा फिका पडला. घाट उतरून आलेल्या व्याह्यांना न्हाणीघर नाही?

“टाइल कधी लागणार?” त्यांनी वर्गात विचारायच्या त्याच आवाजात विचारलं.

“अपा, दुसरा हात राहिलाय. आणि चकत्या...”

“आजोबा,” अपा व्याह्यांकडे वळल्या, “बघा हो, हे आमचं नवीन न्हाणीघर. माझ्या विद्यार्थ्यानं केलंय.”

आजोबा आत डोकावले. भिंतीवरून बोट फिरवलं, बोट गुलाबी झालं, ते त्यांना फार आवडलं. “वा! घोड्याच्या नाकासारखी मऊ!” आणि सागिनबेकने तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही तळवे आभाळाकडे धरले. “या भिंतीतून कधी थेंब न जावो, या घरातल्यांचे पाय निसरड्यावर न घसरोत, इथे आमची सून हसतमुख न्हाओ!”

म्हाताऱ्या माणसाने तळवे वर धरले की आपले वर जातात. त्याला विचार करावा लागत नाही, पापणी लवायला करावा लागतो का? सागिनबेकचे तळवे वर गेले, एकात ब्रश होता तरी गेले. सगळ्यांबरोबर त्यानेही “आमीन” म्हणून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. त्या दिवशी रीतसर दुसरा हात बसला तो फक्त त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत.

लेप डोळ्यांतून पुसताना त्याला कळलं की आपण काय केलं. जेवणाअखेर दुआ झाली की ताटातल्या घासाला कुणी हात लावत नाही. भिंतीचंही तेच. दुआ झाली म्हणजे काम झालं. आता त्यावर ब्रश फिरवायचा म्हणजे आजोबांच्या तोंडावर सांगायचं की तुमची दुआ अर्धवट होती, आम्ही लेपाचा डबा आणून पुरी करतो. तेही डूल घालायच्या दोन दिवस आधी.

“अपा,” तो कुजबुजला, “पाणी दुआ ऐकत नाही हो.”

“सातवीत तूही काही ऐकत नव्हतास,” अपा म्हणाल्या, “तरी पास केलाच ना? लाव टाइल.”

लेप जेमतेम सुकल्यावर त्यांनी दारात स्टूल टाकलं आणि चहाचा पेला घेऊन बसल्या. त्यांच्या नजरेखाली सागिनबेकने टाइल्स लावल्या. आयुष्यात इतक्या सरळ ओळी त्याने कधी लावल्या नव्हत्या. नळाच्या तोंडाशी चकतीऐवजी नुसता सिमेंटचा मसाला भरताना त्याने डोळे मिटून घेतले. आजोबा मागून म्हणाले, “बघा, कारागीर कसा भावुक झालाय!”

घरी त्याने बुरूलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही आमीन मोठ्यानं म्हणालात की हळू?”

“का?”

“हळू म्हणाला असाल तर कदाचित चालेल.”

शनिवारी नऊ जण आले आणि पाळीपाळीने न्हायला लागले. खाली सागिनबेक आणि बुरूल न्हाणीत स्टुलांवर बसून छताकडे बघत होते. पहिला पाहुणा झाला, काही नाही. दुसरा झाला, काही नाही. बुरूलने नवऱ्याकडे जरा आदराने पाहिलं. तिसऱ्याला पाइपाजवळ नाण्याएवढा डाग आला. चौथी कुणीतरी लांब केसांची बाई असावी, डाग रोटीएवढा झाला. पाचव्याला टपकन थेंब पडला, सागिनबेकच्या नाकावर.

“तळघरातला पाण्याचा कॉक बंद करा,” बुरूल म्हणाली. “किल्ली तुमच्याकडेच आहे.”

सागिनबेकने किल्ली खिशात घातली आणि कान दिला. वर आजोबा होते. घोडे हाकताना म्हणतात तसलं काहीतरी मोठ्याने गात होते. एक्याऐंशी वर्षांच्या व्याह्याला साबणाच्या फेसात कोरडं उभं करायचं? तो तळघराकडे जायला निघाला आणि जिना चढून वर गेला. निदान सांगावं तरी, सगळ्यांसमोर, आणि मोकळं व्हावं.

दार उघडताच अपांनी त्याला आत ओढलं आणि मानाच्या जागी बसवलं. मीरगुलच्या कानांत नुकतेच चांदीचे डूल आले होते, मान हलवायला ती घाबरत होती. आजोबा न्हाणीतून बाहेर आले, समोवारसारखे वाफाळलेले.

“पाणी काय, भिंत काय!” ते गरजले. “अरे, तुझ्या या भिंतीच्या खाली कोण राहतं?”

“मीच, आजोबा.”

“मग? लागली की नाही माझी दुआ?”

नऊ पाहुणे त्याच्याकडे बघायला लागले. अपा बघत होत्या. मीरगुल डूल न हलवता, फक्त डोळ्यांनी बघत होती. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर अजून ओल होती.

“लागली, आजोबा,” सागिनबेक म्हणाला.

“मग बसलात काय?” आजोबांनी उरलेल्यांना हात केला. “जा रे, जा, भरपूर गरम पाणी आहे!”

एक जाडजूड काका टॉवेल खांद्यावर टाकून उठले. आत शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला. सागिनबेकच्या खिशात फोन वाजायला लागला. कुणाचा, ते बघायची गरज नव्हती. अपांनी त्याच्या ताटात मेंढीचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला, आणि तो खाली मान घालून जेवायला लागला.