हबशी म्हणजे कुठला

राजपुरीहून जंजिऱ्याला नेणारा तो सिद्दी नावाडी माझ्याहूनही काळा होता. शाळेत मुली मला हबशीण म्हणत, म्हणून मी त्या दिवशीही तोंडाला पावडर थापून होडीत बसले होते.

"ए हबशी, हळू!" अंगावर पाणी उडताच एक शेठ खेकसला. मी मान खाली घातली.

नावाड्याने वल्हं थांबवलं. "व्हय शेठ, हबश मुलखातला, तिकडं आफ्रिकेतला. आमच्या वाडवडलांना तिथून विकायला आणलं. त्यांनीच हा किल्ला राखला, कुणाला घेता आला न्हाय. बसा आता गुमान, दरवाजा आला."

विकल्या गेलेल्यांची गोष्ट इतक्या ताठ मानेने सांगता येते, हे मला नवीन होतं.

सोमवारी पावडर न लावताच शाळेत गेले. "हबशीण!" हाक आलीच.

"हबश हा कुठला मुलूख, ठाऊक आहे?" मी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मी सांगितलं.