जातो म्हणणारे डॉक्टर

डहाणूत आजवर जितकी माणसं निवडणुकीला उभी राहिली, त्यांत खऱ्या अर्थाने उभे राहिलेले एकटे आमचे स्विस डॉक्टर. कारण त्यांना बसताच येत नसे. रोग्याला खुर्चीत बसवून ते त्याच्याभोवती फिरत तपासायचे. जेवायचे खिडकीपाशी, ताट हातात घेऊन. आशागडहून कुणाच्या तापाचा निरोप आला की निरोप्याचा चहा संपायच्या आत यांची सायकल रेल्वे फाटकापलीकडे. जन्म स्वित्झर्लंडचा, पण बायको इथली, आणि पुढे नागरिकत्वही इथलंच घेतलेलं. मराठी ते बाजारात शिकले. फक्त एक शब्द त्यांच्या गळी उतरेना. कुणाच्याही घरून निघताना ते सरळ म्हणत, "जातो."

"डॉक्टर, जातो नाय बोलायचं, येतो बोलायचं," बोंबील वाळत घालणारी एक मावशी एकदा रागावली.

"पण मावशी, तुमचा खोकला बरा झाला. परत कशाला येऊ?"

"मरायला टेकलेला माणूस जातो बोलतो."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे स्वतःची नाडी पाहिली. "ठीक आहे. जातो."

कोळीवाड्यामागच्या उघड्या गटारामुळे पोरं सारखी तापाने फणफणत. नगरपरिषदेत शिरल्याशिवाय ते झाकलं जाणार नाही, हे मीच डॉक्टरांच्या डोक्यात भरवलं आणि त्यांना उमेदवार केलं. भाषण अर्ध्यावर सोडून ते कुणाची तरी जीभ बघायला गर्दीत उतरत. विरोधी उमेदवाराच्या घरी जाऊन म्हणाले, "प्रचार थांबवा, नाहीतर जिवावर बेतेल." त्याचा रक्तदाब वाढला होता, पण त्याचे कार्यकर्ते धमकीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले. शेवटी मी हात जोडले, "निदान दारातून निघताना तरी येतो म्हणा."

"निवडून आल्यावर प्रत्येकाच्या घरी परत जाणं होईल? नाही ना? मग खोटं का बोलू?"

दारोदार 'जातो' म्हणत ते पडले. गटार उघडंच राहिलं, ते मला अजून सलतं. डॉक्टर मात्र दुसऱ्या सकाळी तलासरीच्या रस्त्याला सायकल हाणत होते.

गेल्या हिवाळ्यात तिकडे स्वित्झर्लंडला त्यांच्या थोरल्या बहिणीचं दुखणं वाढलं. आता या वयात, बायकोलाही सोबत घेऊन गेलेले डॉक्टर परततील, असं कुणालाच वाटत नव्हतं. निघताना ते रिक्षात बसले. इतकं शांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग डोकं बाहेर काढून म्हणाले, "येतो, मावशी."

"शिकला एकदाचा," मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

जो माणूस कधी खोटं बोलला नाही, त्याने येतो म्हटलं म्हणजे तो येणारच, असं मी सगळ्यांना सांगतो. पण तसं खोटं बोला म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो तो मीच. दवाखान्याच्या ओट्यावर सायकल उभी आहे. येता-जाता मी तिच्यात हवा भरून ठेवतो.