हजेरी विषम असली की

शशिकांत बेलसरे यांची नजर एकदम गेली नाही. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग नजरेच्या कडा मिटत आल्या, आणि चाळिशी उलटेपर्यंत समोरच्या माणसाचा चेहराही गेला. उरला तो नुसता उजेड आणि अंधार यांतला फरक. ऑफिसनं त्यांना फायलींवरून उठवून टेलिफोन बोर्डावर बसवलं. दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या पत्नीनं, अलकानं, प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाकली आणि संसार पुन्हा रुळावर आला.

आता त्यांचं ज्युदो तरी सुटेल, असं सगळ्यांना वाटलं. ते सुटलं नाही. ज्युदोत समोरच्याची कॉलर आणि बाही एकदा हातात आली की डोळ्यांना फारसं काम उरत नाही. तो कुठं झुकतोय, कुठला पाय उचलणार आहे, हे कापडातूनच कळतं. शशिकांत माणसं पकडीवरून ओळखत. बरोबर शिकणाऱ्या तरुण श्रीरंगची पकड घाईची, घामट. बळवंत शिर्के सरांची सैल, पण हलू न देणारी.

शिर्के सर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. सेक्टरच्या बाजारामागं पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल होता, तिथं रोज सकाळी त्यांचा डोजो, म्हणजे ज्युदोचा आखाडा, भरायचा. काथ्याच्या गाद्या आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. सर शिस्तीचे फार कडक. दारात वाकून नमस्कार केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. गादीवर तोंड बंद. शेवटी रांदोरी, म्हणजे खुला सराव. त्यात डाव ठरलेला नसतो आणि हारजीत कोणी मोजत नाही. पण जो समोर येऊन वाकेल त्याच्याशी खेळायचंच.

"नाही म्हणायचं असेल तर घरी रजई घेऊन पडा," सर म्हणायचे.

शशिकांतसाठी त्यात एक भर घातलेली होती. ज्याला त्यांच्याशी खेळायचं असेल त्यानं त्यांच्या बाहीवर हलकेच थाप मारायची, मग दोघांनी वाकायचं.

नव्वद सालानंतरच्या एका जानेवारीत दिल्लीवर असं धुकं पडलं होतं की बसगाड्या दिवसाउजेडी दिवे लावून चालत होत्या. माणसं कमी आलेली. सरांनी सुरू करायचा पुकारा, "हाजिमे", दिला, जोड्या लागल्या, आणि शशिकांतच्या बाहीवर थाप पडली.

ते वाकले. पुढं होऊन त्यांनी कॉलर धरली. कापड जुनं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, आणि त्याला छापखान्याच्या शाईसारखा वास होता. पकड ओळखीची नव्हती. कोणीतरी नवा आला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण नवखा माणूस असा खेळत नाही. हा माणूस ढकलत नव्हता, ओढत नव्हता. शशिकांत हॉलमधल्या खांबाच्या बाजूला सरकले की तो त्यांना अलगद मधे आणायचा. मग एकाएकी पायाखालची गादी गेली. पडताना शशिकांतनी कॅनव्हासवर हात आपटला. इतकं स्वच्छ त्यांना आजवर कोणी पाडलं नव्हतं. उठले, पुन्हा पकड, पुन्हा तेच.

सराव संपल्यावर त्यांनी श्रीरंगला विचारलं, "आज नवीन कोण आलंय रे?"

"नवीन? कोणी नाही."

"मग माझ्याबरोबर कोण होतं?"

"काका, आज हजेरी विषम होती. तुम्ही उरला होतात. एकटेच करत होतात ना? आम्हाला वाटलं, शॅडो प्रॅक्टिस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण तुम्ही पडलात ते बघून मी थांबलो. माणूस एकटा पडतो तसं नव्हतं ते. पाय आधी वर गेले तुमचे."

शशिकांत घरी आले. चहाचा कप त्यांनी भलत्याच जागी ठेवला. अलकानं विचारलं तेव्हा सांगावंच लागलं.

"उद्या जाऊ नका," ती म्हणाली.

"नाही जात."

तिसऱ्या दिवशी मात्र ते गेले. हजेरी सम होती. श्रीरंगशी खेळून परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक जण कमी आला, आणि बाहीवर थाप पडली. या वेळी शशिकांतनी कान लावला. एवढ्या झटापटीत समोरच्याचा श्वास ऐकू यायला हवा होता. तो नव्हता. बाहीवरचा हात गार नव्हता, गरमही नव्हता. त्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ते सरांपाशी थांबले. सर स्टोव्हवर चहा करत होते. शशिकांतनी सगळं सांगितलं, बोटाचंही सांगितलं. स्टोव्हचा आवाज बंद झाला.

"कुठल्या हाताचं?" सरांनी विचारलं.

"उजव्या."

मग सर म्हणाले, "सूर्यकांतभाऊ. हा हॉल त्यांनीच मिळवला. छापखान्यात होते, कागद कापायच्या मशीनवर बोट गेलं. मला गादीवर उभं केलं ते त्यांनी. शेवटी शेवटी थकले होते, लोक त्यांच्याशी खेळायला कचरायचे, म्हाताऱ्याला लागेल म्हणून. एक दिवस हजेरी विषम होती, भाऊ उरले. भिंतीपाशी गुडघ्यांवर बसून राहिले, कोणी बोलावेल म्हणून. मीही बोलावलं नाही. सराव संपून नमस्काराला सगळे रांगेत आले, तरी ते उठेनात. बघितलं तर गेलेले."

"सर, तुम्हाला कधी..."

"नाही. कधीच नाही." सरांनी चहा गाळायला घेतला. "माझ्यापुढं ते कशाला येतील?"

पुन्हा विषम हजेरीचा दिवस उजाडला तेव्हा सर गादीच्या कडेला बसलेले होते. शशिकांतच्या बाहीवर थाप पडली. ते वाकले, कॉलर धरली, आणि गादीवर न बोलण्याचा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला.

"भाऊ," ते हळू म्हणाले, "शिर्के सर विचारताहेत, त्यांच्याशी खेळाल का?"

पकड तशीच राहिली. मग त्या हातानं शशिकांतची बाही सारखी केली, एखाद्या पोराचा सदरा सारखा करावा तशी, आणि पकड सुटली. समोर कापड सळसळलं. शशिकांतही वाकले आणि मागं होऊन भिंतीला टेकले.

सर गादीवर उतरले आणि बाकीच्या जोड्या थांबल्या. हॉलमध्ये आता फक्त सरांच्या पावलांचा घासत जाणारा आवाज होता आणि त्यांचा मोठ्यानं चाललेला श्वास. मग कॅनव्हासवर हाताचा तळवा आपटल्याचा आवाज झाला. शशिकांतच्या शेजारी श्रीरंग पुटपुटला, "अरे देवा." पुन्हा पावलं, पुन्हा पडणं. सरांचे गुडघे कधीचे कामातून गेले होते, तरी ते प्रत्येक वेळी उठत होते. केव्हा तरी पडण्याचा आवाज थांबला. बराच वेळ काही झालं नाही. नंतर श्रीरंगनं सांगितलं की सर मोकळ्या जागेपुढं गुडघ्यांवर बसून, कपाळ गादीला लावून वाकले होते, आणि उठले तेव्हा त्यांच्या ज्युदोच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही बाजूंनी ओढून ताणल्यासारखी झाली होती.

त्यानंतर भाऊ पुन्हा आले नाहीत. हजेरी विषम असली की सर स्वतः गादीवर उतरू लागले, आणि त्यांच्या डोजोत पुन्हा कोणी भिंतीपाशी बसून राहिलं नाही. काही वर्षांनी सर गावी गेले, हॉलही पाडला गेला.

निवृत्तीनंतर बेलसरे दिल्लीतच द्वारकेला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथं एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युदो चालतं, नव्या रबरी गाद्यांवर. शशिकांत अजून जातात. थंडीत अलका बरोबर येते आणि बाहेर उन्हात मटार सोलत बसते. मधूनच उठून दारातून आत डोकावते.

"सारखं काय बघतेस?" त्यांनी एकदा विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही कोणाबरोबर आहात, तेवढं बघते."