साळू हजर

दिवाळी सरली की शेवगावच्या पूर्वेकडल्या वस्तीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. रामहरी बायको-पोरांसकट जातो. मागे राहते त्याची थोरली बहीण पुष्पावती. पोलिओनं तिचे पाय लहानपणीच गेले, ती हातांवर सरकत चालते. शेजारची भीमाबाई हंडा भरून ठेवते. बाकी दिवसभर बोलायला एक शेळी.

नगरच्या एका संस्थेतली स्नेहल आली आणि तिनं मोबाईलवर ग्रुप जोडून दिला. अशा मागे राहणाऱ्या अपंग बायका कशा जगतात, त्याचं संशोधन.

"नुसती माहिती नाही द्यायची, ताई. तुम्हीसुद्धा संशोधक."

"मी? चौथी नापास संशोधक!"

ग्रुपवर कुणाला कुणाचा नंबर दिसत नसे, गावही नाही. फक्त नाव आणि आवाज.

हजेरी मात्र बायकांनी स्वतः काढली. सकाळी उठलं की बोलायचं, "पुष्पा हजर." पाथर्डीकडची आंधळी साळूबाई सगळ्यांच्या आधी ओरडायची, "साळू हजर! झोपा काढा तुमी!" एका सकाळी ती बोललीच नाही. पुष्पावतीनं स्नेहलला उठवलं, स्नेहलनं त्या गावात फोन लावला. साळूबाई आदल्या दिवसापासून न्हाणीत पडलेली सापडली, पण वाचली.

संक्रांतीनंतर स्नेहलचा फोन आला.

"प्रकल्प संपला, ताई. उद्या संध्याकाळी ग्रुप बंद होईल. नियमाप्रमाणे सगळी माहिती पुसावी लागते."

"आमी कुठं संपलोय? साळूबाईचा नंबर दे मला."

"मला देता येत नाही. त्यांनी स्वतः दिला तर दिला."

साळूबाईला तिचा नंबर ठाऊकच नव्हता. "लेकानं, आदिनाथनं शिम घातलं बाई, अन् गेला कारखान्यावर. तुझाच सांग. पाठ करते. दुकानवाला माज्या फोनावरनं लावून दील."

दुसऱ्या दिवशी पुष्पावती आकडे म्हणायची, साळूबाई घोकायची. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. ऊन उतरता उतरता तिचा आवाज आला, नंबर एका दमात, आणि वर, "बघ, आला का न्हाई? म्हातारीला कमी समजू नको!"

नंबराच्या शेवटी चौदाच्या जागी ती एक्केचाळीस म्हणाली होती.

पुष्पावतीनं बटण दाबून धरलं. "अगं चौदा! साळूबाई, चौदा!" आवाज गेलाच नाही. ग्रुप बंद झाला होता.

ती फोनची वाट बघत राहिली. आठवडा उलटल्यावर तिच्या डोक्यात आलं. आपल्या नंबरातले चौदा खोडून एक्केचाळीस घालून तिनं तो चुकीचा नंबर लावला.

"कोन?" एका बाप्याचा आवाज.

"दादा, तुमाला कुना म्हातारीचा फोन येतो का?"

"ती व्हय! रोज सकाळी डोकं खाती. 'साळू हजर.' किती येळा सांगितलं, राँग नंबर हाय. ती म्हनती, पुष्पाला निरोप द्या."

"मीच पुष्पा. तिचा नंबर द्या, दादा."

"देतो की. पन परवापासून आला न्हाई तिचा फोन."

त्यानं दिलेला नंबर तिनं लावला. रिंग गेली. कुणी उचलला नाही. तिनं स्नेहलला लावला.

"गाव सांग साळूबाईचं."

"ताई, सगळं पुसलंय. तेव्हा यादीत बघून फोन लावला होता, गाव मला खरंच आठवत नाहीये. आदिनाथचं आडनाव माहितीये तुम्हाला?"

"मला कसं म्हाईत? तुमीच म्हनला हुता, फक्त नाव."

तिनं फोन कापला. साळूबाईचा नंबर पुन्हा लावला. उंबऱ्याशी शेळी ओरडायला लागली, तिला एका हातानं गप्प करत पुष्पावती फोन कानाशी घट्ट धरून बसली. रिंग वाजतच होती.